‘सिकल निघाला’ म्हणजे नेमकं काय निघालं? एका शब्दाचा अर्थ आणि त्यातला गोंधळ

भंडारा जिल्ह्यात ‘सिकलसेल’ हा शब्द ऐकला नाही असं घर आता शोधावं लागेल. तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत आशाताई, शाळेतली तपासणी आणि उपकेंद्राच्या भिंतीवरचे फलक यांनी तो गावोगावी पोचवला आहे. कुणी त्याला नुसतं ‘सिकल’ म्हणतं, कुणी ‘सायकलसेल’ म्हणतं, छत्तीसगडकडून आलेले रुग्ण ‘सिकलिंग’ म्हणतात. उच्चाराचं काही बिघडत नाही. बिघडतं ते अर्थाचं.

दवाखान्यात ऐकू येणारी वाक्यं अशी असतात: “पोरीले सिकल निघाला जी.” “मुलाला थोडासा सिकल आहे.” “आमच्याकडे कुणाला नव्हता, सुनेकडून आला.” यांतल्या एकाही वाक्यावरून त्या माणसाला आजार आहे की नाही हे मला कळत नाही. पण याच वाक्यांवर जमलेली सोयरीक मोडते, सुनेला बोल लावले जातात आणि धडधाकट मुलीला जन्मभर ‘आजारी’ ठरवलं जातं. दुसरीकडे खरोखर आजार असलेलं मूल ‘थोडासा सिकल’ म्हणून वर्षानुवर्षं उपचाराविना राहतं. म्हणून आज औषधांआधी शब्दांबद्दल बोलू.

विळा रक्तात कसा आला?

‘सिकल’ म्हणजे विळा, आपल्या धान कापणीचा विळा किंवा इळा. ‘सेल’ म्हणजे पेशी. इंग्रजीतला ‘सिकल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘कापणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. ऑपरेशनने बाळंतपण होतं तेव्हा आपण ‘सिझेरियन सेक्शन’ म्हणतो, त्यातला ‘सेक्शन’ही त्याच धातूचा.

हा शब्द आजाराला चिकटला तो अमेरिकेत. वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यकी शिकायला आला होता. 1904 च्या डिसेंबरात तो खोकला, ताप आणि अशक्तपणा घेऊन प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा गोल तांबड्या पेशींमध्ये काही लांबट, वाकड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी हे निरीक्षण 1910 मध्ये छापलं आणि त्या पेशींच्या वर्णनात ‘विळ्याच्या आकाराच्या’ असे शब्द वापरले. हे फक्त वर्णन होतं, नाव नव्हतं. ‘सिकल सेल ॲनिमिया’ हे नाव 1922 मध्ये व्हर्न मेसन या डॉक्टरने दिलं. नोएल पदवी घेऊन ग्रेनाडाला परतला, तिथे त्याने दातांचा दवाखाना चालवला आणि 1916 मध्ये छातीच्या आजाराने वारला. तेव्हा तो 32 वर्षांचा होता. आपल्याला काय झालं आहे याचं नावही त्याला मिळालं नाही.

नाव दिसण्यावरून पडलं, कारण त्या काळी तेवढंच दिसत होतं. पेशी का वाकते हे नंतर कळलं. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मूळ दोष पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. या वेगळ्या हिमोग्लोबिनला ‘एस’ म्हणतात. ते प्राणवायू सोडतं तेव्हा त्याचे कण एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि ते दोरे पेशीला आतून ताणून वाकवतात. प्राणवायू मिळाला की पेशी पुन्हा गोल होऊ शकते. असं अनेकदा झालं की मात्र ती वाकलेलीच राहते, लवकर फुटते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. साधी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, आजाऱ्याची पेशी 10 ते 20 दिवसच. पाणी कमी पडणं, थंडी, ताप, अति श्रम यांनी हे वाकणं वाढतं. डॉक्टर ‘भरपूर पाणी पी’ असं पुन्हा पुन्हा सांगतात त्यामागे एवढं कारण आहे.

‘ॲनिमिया’ने केलेली दिशाभूल

नावातला दुसरा शब्द मला जास्त त्रासदायक वाटतो. ‘ॲनिमिया’ ग्रीकमधून आला, शब्दशः अर्थ ‘रक्त नसणे’. आपण त्याला ‘रक्त कमी आहे’ म्हणतो. आणि रक्त कमी म्हटलं की घरात बीट, गूळ, डाळिंब सुरू होतं, मेडिकलमधून लोहाचं टॉनिक येतं. साध्या रक्तक्षयात लोह कमी असतं, तिथे याचा उपयोग आहे. सिकलसेलच्या आजारात रक्त कमी होतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून. फुटलेल्या पेशींतलं बरंचसं लोह शरीरातच राहतं. ज्यांना वारंवार रक्त चढवलं आहे त्यांच्यात तर लोह साठून यकृत आणि हृदयाला त्रास होऊ शकतो. काही रुग्णांत लोहाची खरी कमतरताही असते, म्हणून तपासणी करून डॉक्टरांनी दिलं तरच लोह घ्यावं. रोज लागतं ते फॉलिक ॲसिड, आणि ती गोळी स्वस्त आहे.

दुसरं म्हणजे या आजारात रक्त कमी असणं हा बहुधा सर्वांत मोठा त्रास नसतोच. हाडं आणि सांधे फुटल्यासारखे दुखणं, वारंवार जंतुसंसर्ग, छातीत अचानक त्रास, लहान वयात लकवा या गोष्टी जास्त धोक्याच्या. म्हणून जगभरचे डॉक्टर आता ‘सिकलसेल ॲनिमिया’ऐवजी ‘सिकलसेल डिसीज’ म्हणजे सिकलसेलचा आजार असं म्हणू लागले आहेत. आपल्याकडे कागदावर अजून जुनं नाव आहे. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोल इथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचं नावही ‘सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन’ असंच आहे.

पेशी फुटल्या की डोळे पिवळे होतात. त्याला घरात ‘कावीळ’ म्हणतात आणि मग कावीळ उतरवणारा, झाडपाला देणारा, तेल-तिखट बंद करणारा गाठला जातो. हाडं दुखली की त्याला ‘वात’ म्हणतात. एकाच मुलाच्या तीन दुखण्यांना ‘कावीळ’, ‘वात’ आणि ‘अशक्तपणा’ अशी तीन नावं पडतात, तीन ठिकाणी तीन औषधं चालतात, आणि हे तिन्ही मिळून एक आजार आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. मूल वारंवार पिवळं पडतं, हात-पाय दुखून रडतं, वर्षाच्या आतल्या बाळाचे पंजे-पावलं सुजतात, असं दिसलं तर सिकलसेलची तपासणी मागून घ्या.

बाकीचे लोक काय म्हणतात?

विळा बहुतेक भाषांनी जसाच्या तसा उचलला. फ्रेंच डॉक्टर ग्रीक विळा ‘ड्रेपानॉन’ घेऊन ‘ड्रेपानोसितोज’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये लॅटिन विळा ‘फाल्क्स’ आहे, म्हणून ‘आनेमिया फाल्सिफोर्मे’. केरळात वायनाडकडे या आजाराला ‘अरिवाळ रोगम्’ म्हणतात, अरिवाळ म्हणजे मल्याळममधला कोयता-विळा. तिथला माणूस नाव ऐकताच चित्र डोळ्यांपुढे आणू शकतो. हिंदीतल्या शालेय जीवशास्त्रात ‘दात्र कोशिका अरक्तता’ असा शब्द आहे. दात्र म्हणजे संस्कृतातला विळा, पण परीक्षेबाहेर तो कुणी वापरताना मी ऐकलेला नाही. मराठीत आपण इंग्रजी विळाच ठेवला आणि तो विळा आहे हेच विसरलो.

पश्चिम आफ्रिकेत मात्र या आजाराला विज्ञानाच्या कितीतरी आधीपासून नावं होती. ती पेशीवरून पडलेली नव्हती, दुखण्यावरून होती. घानाचे डॉ. फेलिक्स कोनोटे-आहुलू यांनी ही नावं नोंदवून ठेवली आहेत. तिथल्या गा भाषेतलं नाव ‘च्वेच्वेएच्वे’ आहे. तोच आवाज पुन्हा पुन्हा येतो, कुणीतरी हाड सतत कुरतडत असावं तसा. मला हे नाव हेरिकच्या नावापेक्षा जास्त खरं वाटतं. विळा रुग्णाला दिसत नाही, कुरतडणं त्याला रात्रभर जाणवतं.

‘फॅल्सिपॅरम’ हा शब्दही आपल्या भागाला ओळखीचा आहे. मलेरियाच्या रिपोर्टवर ‘पीव्ही’ किंवा ‘पीएफ’ लिहिलेलं असतं. पीएफ म्हणजे प्लास्मोडियम फॅल्सिपॅरम, डोक्यात जाऊ शकणारा धोकादायक मलेरिया. या शब्दातही तोच लॅटिन विळा आहे, कारण या जंतूची एक अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली कोरीसारखी वाकडी दिसते. दोन्ही नावं निव्वळ आकारावरून आणि वेगवेगळी पडली. पण 1954 मध्ये अँथनी ॲलिसन या डॉक्टरने आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की ज्यांच्या अंगात एस हिमोग्लोबिनचा अर्धाच वाटा आहे, त्यांना याच फॅल्सिपॅरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या प्रदेशात अशी मुलं जास्त जगली, त्यांनी तो जनुक पुढे दिला. पूर्व विदर्भासारख्या जंगल-तलावांच्या भागात तो का टिकून आहे, याचं उत्तर यात आहे. भारतात हा जनुक 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला आणि 1958 मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापली. तेव्हा कुणाच्या सुनेने तो घरात आणला, ही भाषा सोडून द्या. तो आपल्या पूर्वजांना मलेरियातून जगवत आला आहे. काही समाजांत जास्त आढळतो हे खरं, पण जात विचारून तपासणी ठरवू नये.

‘वाहक’ म्हणजे एसटीतला नव्हे, डासही नव्हे

सगळ्यांत जास्त नुकसान मला वाटतं ‘वाहक’ या शब्दाने केलं आहे. आपण तो दोन ठिकाणी वाचतो. एक एसटीत, तिकीट देणारा. दुसरा आरोग्याच्या फलकावर: डास हा डेंग्यूचा वाहक. मग ‘तुमची मुलगी सिकलसेलची वाहक आहे’ म्हटल्यावर घरच्यांच्या डोक्यात काय येणार? ती आजार पसरवते. तिचं ताट वेगळं करणारी घरंही आहेत. इंग्रजी ‘कॅरियर’नेही काही सुधारत नाही.

खरी गोष्ट एवढीच आहे. हिमोग्लोबिनचा जनुक प्रत्येकाकडे जोडीने असतो, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही नेहमीचे असतील तर ‘एए’. एक नेहमीचा, एक सिकलचा असेल तर ‘एएस’. दोन्ही सिकलचे असतील तर ‘एसएस’. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार. यातला ‘ए’ मोठ्या माणसाच्या नेहमीच्या हिमोग्लोबिनचा आहे, त्याचा ‘ए पॉझिटिव्ह’ या रक्तगटाशी काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘माझा ब्लड ग्रुप एएस आहे’ असं मला बऱ्याचदा ऐकायला मिळतं.

एएस माणसाच्या पेशी रोजच्या जगण्यात वाकत नाहीत, कारण आत नेहमीचं हिमोग्लोबिन अर्ध्याहून जास्त असतं. त्याला औषध लागत नाही, पथ्य नाही, आयुष्य इतरांएवढंच. शेती, खेळ, नोकरी, बाळंतपण सगळं करता येतं. फार कडक उन्हात पाण्याविना अति श्रम टाळावेत आणि लघवीतून रक्त दिसलं तर दाखवावं, एवढंच. गरोदर एएस बाईने लोहाच्या गोळ्या इतर बायकांसारख्याच घ्यायच्या. ‘सिकल आहे म्हणून गोळ्या बंद केल्या’ हे चूक आहे. एएस आयुष्यात कधी वाढून एसएस होत नाही, एसएस उतरून एएस होत नाही. आणि स्पर्शाने, उष्ट्याने, रक्ताच्या थेंबानेही हे दुसऱ्याला लागत नाही. ‘थोडासा सिकल’ नावाची गोष्ट नाही.

‘पॉझिटिव्ह’वर थांबू नका

गावात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली तपासणी सहसा ‘सोल्युबिलिटी’ची होते. ती स्वस्त आणि झटपट आहे, पण रक्तात एस हिमोग्लोबिन आहे की नाही इतकंच सांगते. एएस आणि एसएस दोघांचीही ती पॉझिटिव्ह येते. आपल्याकडे ‘पॉझिटिव्ह’ शब्दाचाच धसका आहे, कोविडने तो आणखी वाढवला. त्या कागदावर सोयरीक ठरवू नका, मोडूही नका. पुढची तपासणी ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ किंवा ‘एचपीएलसी’, तीच खरी. तिच्या कागदावर एए, एएस, एसएस असं स्पष्ट लिहिलेलं असतं. काही जणांत सिकलसोबत थॅलेसेमियाचा जनुक असतो. तोही आजारच, तोही याच तपासणीत सापडतो.

दोन बारकावे सांगतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तरी खात्री धरू नये, कारण तेव्हा गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. आणि रक्त चढवलेल्या माणसाची तपासणी तीन महिने थांबून करावी, नाहीतर रिपोर्टात दात्याचंही हिमोग्लोबिन मोजलं जातं.

लग्नाआधी पत्रिका बघता तशी ही दोन अक्षरं बघा, दोघांचीही. फक्त मुलीची तपासणी करून काही कळत नाही. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारातली एक, एएस होण्याची दोन, एए होण्याची एक. हे प्रत्येक वेळी नव्याने लागू होतं. ‘पहिलं एसएस झालं, आता तीन चांगली होतील’ असा हिशेब नाही. एक एएस आणि दुसरा एए असेल तर एसएस मूल होत नाही, म्हणजे ‘मुलगी एएस आहे’ एवढ्यावर नकार देण्यात काही अर्थ नाही. मुलगा एए आहे का तेवढं पाहा. लग्न आधीच झालं असेल आणि दोघेही एएस असाल, तर दिवस राहिल्या राहिल्या डॉक्टरांना सांगा. दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी मोठ्या केंद्रात करता येते. पाचव्या महिन्यात सांगितलं तर निर्णयाला वेळ कमी उरतो.

‘युरिया’ला घाबरू नका

एसएस रुग्णाला बऱ्याचदा ‘हायड्रॉक्सियुरिया’ नावाचं औषध दिलं जातं. धानाच्या जिल्ह्यात हे नाव वाचल्यावर काय होतं ते तुम्ही ओळखलं असेल. “साहेब, खत देता का पोराले?” इंटरनेटवर शोधलं तर ते कॅन्सरचं औषध आहे असं दिसतं, मग तर पाकीट कपाटातच राहतं. रसायन म्हणून त्याचं युरियाशी नातं आहे, पण ते खत नाही. कॅन्सरच्या काही प्रकारांत ते वापरतात हेही खरं. सिकलसेलमध्ये ते कमी मात्रेत देतात आणि त्याने गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं, जे पेशीला वाकू देत नाही. दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. ते मनाने सुरू-बंद करू नये, ठरल्याप्रमाणे रक्ततपासणी करावी. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं, नवरा औषधावर असला तरीही.

एसएस मुलाला ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, एकदम पांढरं पडलं, पोटाच्या डाव्या बाजूला गाठ मोठी लागली, तोंड वाकडं झालं किंवा हात-पाय लुळा पडला, तर रात्र काढू नका, सरळ रुग्णालय गाठा. तिथे ‘ताप आहे’ म्हणण्याआधी ‘मूल एसएस आहे’ हे सांगा. याने पुढचे सगळे निर्णय बदलतात. ओळखपत्र मिळालं असेल तर ते पेटीत न ठेवता सोबत ठेवा, आणि मोबाईलमध्ये एचपीएलसीच्या कागदाचा फोटो.

अक्षरांचा उपयोग तालुक्याच्या कचेरीतही होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वात सिकलसेलचा आजार धरला आहे. तपासणी मंडळ त्रासाच्या प्रमाणानुसार टक्के ठरवून प्रमाणपत्र देतं. ते आजार असलेल्यांसाठी आहे. एएस माणूस दिव्यांग नाही, रुग्णही नाही, त्यामुळे त्याला हे प्रमाणपत्र मिळत नाही. एएस मुलीच्या वडिलांना तिथून परत पाठवतात तेव्हा ते चिडतात. खरं तर त्यांच्या मुलीला आजार नाही, असंच त्या नकाराने लिहून दिलेलं असतं.